दारात राहिलेली चार बोटं काच

आमच्या गाडीच्या डाव्या दाराची काच फुटली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो बायकोला लागलं का, हा नव्हता. डंपरवाल्याने हे मुद्दाम केलं, हा होता. आम्ही कर्नाळ्याहून परत येत होतो. पळस्प्याच्या अलीकडे रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, आणि खडीने भरलेला एक डंपर डावीकडून घुसून पुढे गेला. त्याच्या चाकाखालचा खडा उडून काचेवर बसला. फट्‌कन आवाज झाला आणि अख्ख्या काचेचा साबुदाणा झाला. बायकोच्या मांडीवर, पर्समध्ये, केसांत, सगळीकडे दाणे. सुदैवाने तिला ओरखडाही आला नाही. केसांतले दाणे झटकत ती म्हणाली, "डंपरचा नंबर घेतला असेलच तुम्ही."

घेतला होता.

संशय हा माझा जुना आजार आहे. पेट्रोल पंपावर मी गाडीतून उतरून मीटरच्या शून्याकडे बोट दाखवत उभा राहतो. भाजीवाली वजन करत असली की माझी नजर काट्यावर नाही, तिच्या करंगळीवर असते. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. मला ते पिवळं दिसण्याचा अभिमान होता. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

गॅरेजच्या बाबतीत तर मी पुरता शंकेखोर. गॅरेजवाले चांगले पार्ट काढून घेतात आणि जुने बसवतात, हे पनवेलमध्ये गाडी असलेला प्रत्येक माणूस तुम्हाला सांगेल. ज्याचा पार्ट खरोखर बदलला गेला असा एकही मला आजवर भेटलेला नाही, पण तेव्हा हे माझ्या ध्यानात येत नव्हतं. मी त्यावर एक उपाय काढला होता. गाडी सर्व्हिसिंगला द्यायच्या आदल्या दिवशी बायकोची लाल नेलपॉलिश घ्यायची आणि बॅटरी, डायनामो, स्टेपनी, जिथे हात पोचेल तिथे एकेक ठिपका लावायचा. गाडी परत आली की ठिपके तपासायचे. बायको म्हणायची, "माझ्या नखांपेक्षा तुमच्या इंजिनाचा थाट जास्त आहे."

पहिली आठ वर्षं ठिपके जागच्या जागी सापडत गेले. माझे मेस्त्री जवळच्याच एका गावातले आगरी गृहस्थ, माझ्याच वयाचे. घरची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली, आणि राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड घालून गॅरेज काढलं. हात सोन्यासारखा. बोलणं कमी. मीच ऑफिसात त्यांचं एवढं कौतुक केलं की आमच्याकडच्या सात जणांनी आपल्या गाड्या त्यांच्याकडे न्यायला सुरुवात केली. दसऱ्याला त्यांच्या अंगणात आमच्या आठही गाड्या धुऊन ओळीने उभ्या असायच्या. ते स्वतः प्रत्येक गाडीला झेंडूचा हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि आम्हा सगळ्यांना खोबऱ्याचा प्रसाद द्यायचे.

मग सहा वर्षांपूर्वी याच डाव्या दारातलं काच वरखाली करायचं मशीन बिघडलं. मी ऑफिसला जाता जाता गाडी टाकली. मेस्त्रींनी दाराचं आतलं पॅड खोललं, काच अलगद बाहेर काढून गोणपाटावर आडवी ठेवली आणि पाना आणायला आत गेले. मी इकडेतिकडे पाहिलं. बाटली खिशात होतीच. काचेच्या एका कोपऱ्यात ठिपका लावला, फुंकर मारून वाळवला आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी गाडी आणली आणि काच तपासली. ठिपका नव्हता. काच पूर्ण वर केली, खाली केली, परत वर केली. चारी कडांवरून बोट फिरवलं. नव्हता. त्यातून ती थोडी खडखडतही होती, जी पूर्वी खडखडत नव्हती. काचेवर कंपनीचा शिक्का होता, पण शिक्के काय, बाजारात हवे तसे मारून मिळतात. मनात पाल चुकचुकली म्हणतात तसं झालंच नाही. उलट मला बरं वाटलं. हे आज लाजेने लिहितो आहे, पण आठ वर्षं पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटत होतं आणि आता ते कुठे मुरतंय हे सापडलं, याचा मला आनंद झाला होता.

मेस्त्रींना मी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं तर तो कबूल थोडाच करणार, असा माझा हिशेब. ऑफिसात मात्र दुसऱ्याच दिवशी डबा खाताना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. पुराव्यासकट. सातही जण माझ्या हुशारीवर खूश झाले. महिन्याभरात माझ्यासकट एकेकाने दुसरं गॅरेज धरलं. मीच त्यांना तिकडे नेलं होतं आणि मीच परत आणलं. त्या दसऱ्याला मी रिक्षाने तिकडून जात होतो. त्यांच्या अंगणात हार घातलेल्या दोन रिक्षा आणि एक टेम्पो उभा होता. मेस्त्री रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मी मान वळवली.

तर आता तीच काच डंपरवाल्याने फोडली होती. दाराला प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून मी जुन्या पनवेलात गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका चाचांकडे गेलो. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी सुरुवातीलाच सुनावलं की मला फसवायचं नाही.

"साहेब, फसवायला पण मेहनत लागते. माझ्यात आता ती ताकद नाही," चाचा म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. लगेच हवी असेल तर मिळतीजुळती काच आहे, पण कडेला दोन सुतांचा फरक पडेल. रबर दाबून बसवता येईल, पण पावसाळ्यात पाणी दारात उतरणार आणि दार आतून गंजणार. ही काच घासून लहानही करता येत नाही, कड घासायला गेलं की सगळीच फुटते. "याच गाडीची, याच दाराची काच मागवतो. दोन दिवस लागतील. काच बसली पाहिजे, बसवायला लागली नाही पाहिजे."

मला ते पटलं, म्हणजेच संशय आला. मी मोबाइलमध्ये उजव्या दाराच्या काचेवरच्या शिक्क्याचा फोटो काढून घेतला. दोन दिवसांनी काचेचं खोकं माझ्यासमोरच फोडायला लावलं. शिक्का आणि फोटो अक्षर न्‌ अक्षर जुळवून पाहिला. चाचांनी विचारलं, "साहेब पोलिसात होते का?" मी त्यांचं स्टूल ओढलं आणि दारापासून हातभर अंतरावर बसलो.

त्यांनी पॅड खोललं. दाराच्या पोकळीत पडलेले काचेचे दाणे ब्रशने झाडून काढले. मग आत हात घालून एक लांब लोखंडी पट्टी सोडवली. काचेची खालची कड या पट्टीत रबर घालून पक्की केलेली असते आणि मशीन ती पट्टी वरखाली ढकलतं. बाकीची काच उडून गेली होती, पण पट्टीने धरलेला फुटका तुकडा रबराला तसाच चिकटून राहिला होता. चाचांनी पट्टी उजेडात धरली.

"हे लाल काय आहे? काचेला कुंकू लावलं होतं का?"

मी पाहिलं. पट्टीच्या एका टोकाला, काचेच्या चुऱ्यावर, माझा ठिपका होता.

मी स्टुलावरून उठलो आणि परत बसलो. चाचांना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी पाणी दिलं. मी विचारलं, "काच पूर्ण वर घेतल्यावर हा भाग कुठे असतो?"

"आत. काच कितीही वर घ्या, चार बोटं दारातच राहते. नाहीतर मशीन धरणार कशाला?" ते सहज म्हणाले आणि नवी काच पट्टीत बसवायला लागले. "खडखडत होती का जुनी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "हे रबर बघा. वयानं वाळलंय. दुसरं काही नाही."

गोणपाटावर आडव्या पडलेल्या काचेची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हे मी पाहिलंच नव्हतं. दाराच्या वर काच जेवढी दिसते तेवढीच ती असते, अशी माझी समजूत. एवढ्या अकलेवर मी एका माणसाला सहा वर्षं चोर ठरवलं होतं.

चाचांनी काच बसवली. एका बोटाने हँडल फिरवलं तरी ती आवाज न करता वर गेली आणि रबरात जाऊन टेकली. कुठे फट नाही. मी ठीक आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिथून मी घरी गेलो नाही, सरळ मेस्त्रींच्या शेडवर गेलो. वाटेत दोन वेळा गाडी वळवावीशी वाटली. त्यांना कुठे माहीत आहे मी काय बोललो ते, असंही मनात आलं.

त्यांना सगळं माहीत होतं. ते एका टेम्पोखालून बाहेर आले, हात पुसले आणि आधी नवी काच पाहिली. वरखाली केली. "बराबर बसलीय," म्हणाले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ठिपका, पट्टी, ऑफिसातला डबा, सगळं.

मेस्त्री टायरवर बसले. "सायेब, तुमचे ठिपके मी पयल्या सर्व्हिसिंगपासून बगतो. इंजिन धुवाचं असलं की मी आधी त्यांवर चिकटपट्टी लावाचो. पुसला गेला तर तुमी म्हणाल, मेस्त्रीनं पार्ट बदलला. एकदा डायनामोवरचा गेलाच. मग घरातनं बायकोची बाटली आणून लावला. रंग जरा फिका हाय, तुमाला कळला नाय."

"आणि काचेवरचा?"

"तो पन बगितला व्हता. बसवताना मनात आला, हा आतमदी जाईल, सायेबांना दिसाचा नाय. सांगाचं व्हतं तुमाला."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. "सांगतलं असतं तर तुमाला लाज वाटली असती. चोरून लावलेला ठिपका मना दिसला, ह्याची. म्हटलं, र्‍हाऊ दे."

मला रडू आलं. पन्नाशीला आलेला माणूस मी, त्या शेडमध्ये टेम्पोच्या आडोशाला उभा राहून रडलो. मी हात जोडले तर त्यांनी ते खाली केले.

"मना माफी नको," ते म्हणाले. "आमी कुनाची चोरी केली नाय, ते मना ठाव हाय. तुमी ज्यांना सांगतलं त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी सांगितलं. सातांपैकी दोघं निवृत्त होऊन गेले होते, पाच जण समोर होते. त्या दिवशी रंगवलं नाही, जसं घडलं तसं सांगितलं. माझ्या मूर्खपणावर ते हसतील, मला चार शब्द ऐकवतील, अशी माझी तयारी होती. कोणी हसलं नाही. एकजण म्हणाला, "असेल, पण धूर निघतो म्हणजे विस्तव असतोच कुठेतरी." दुसऱ्याने सांगितलं की त्याचा एक टायर तेव्हा फार लवकर झिजला होता, तेव्हाच त्याला शंका आली होती. तिसऱ्याच्या गाडीचा हॉर्न. सहा वर्षांत प्रत्येकाजवळ मेस्त्रींची एकेक गोष्ट तयार झाली होती, आणि माझा ठिपका सापडला म्हणून त्यातली एकही मागे घ्यायला कोणी तयार नव्हतं.

मी चिडलो. आवाज चढवून म्हणालो की त्या माणसाने काहीही केलेलं नाही, मी जबाबदारी घेतो, उद्यापासून सगळ्यांनी गाड्या परत तिकडे न्या.

आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ सहकारी, जे माझ्या हुशारीचे तेव्हा सगळ्यांत मोठे चाहते होते, ते डब्याचं झाकण लावता लावता थांबले. माझ्याकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं. ती नजर मी ओळखली. पेट्रोल पंपावर मी त्याच नजरेने मीटरकडे बघतो.

"नवीन काच त्या मेस्त्रीनंच बसवून दिली का हो?" त्यांनी विचारलं. "फुकटात?"