एक पर कमी

शहागंजच्या मासळी बाजारात जैतुनबीची फळी कुठली, हे लांबूनच कळायचं. बाकीच्यांचे मासे एकावर एक ढीग टाकलेले; हिचे एका रांगेत, पाठीवरचा पर उभा, पोटाखालचे पर उघडे. पहाटे माल आला की ओला तळवा फिरवून ती एकेक पर पंख्यासारखा सोडवायची. ताज्या माशाचा पर चिवट असतो, त्याची कड सलग असते. मासा शिळा झाला की सगळ्यात आधी कड झडते. म्हणून गिऱ्हाइकानं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती पराला विळा लावत नसे.

तिच्या घरच्या दखनीत पर म्हणजे कोंबडीचं पीससुद्धा. तिला माल आणून देणारा सांडू भोई त्याला माशाची वल्ही म्हणायचा, आणि वच्छलाबाई पंख. नावं तीन, पण बोट एकाच जागी जायचं.

वच्छलाबाईंची औरंगपुऱ्यात खानावळ होती. माहेर कोकणातलं, त्यामुळे मासळीतलं आपल्यालाच कळतं, असा त्यांचा पक्का समज. बुधवारी नि रविवारी त्या स्वतः यायच्या. त्या जिथं घेतील तिथं आजूबाजूच्या चार बायकाही पिशव्या उघडायच्या.

त्या बुधवारी जायकवाडीच्या पाण्यातले कटले उशिरा आले होते, जैतुनबीला त्यांचे पर सोडवायलाही वेळ मिळाला नव्हता. वच्छलाबाईंनी एक उचलला, उलटा केला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. दुसरा उलटला, तिसरा उलटला. सहाही माशांचा पोटाखालचा उजवा पर गायब.

"जैतुनबी, हे काय गं?"

"काय व्हय?"

"वर मलाच विचारतेस? आमच्याकडं बर्फातला माल आला की झडलेले पंख कातरीनं उडवतात, म्हणजे शिळा कळत नाही. तूही तेच शिकलीस होय?" हे त्या अशा खणखणीत आवाजात बोलल्या की पलीकडच्या भाजीवालीनंही मान वर केली.

"बाई, माझ्या विळ्याची शपथ..."

"विळा खोटं बोलत नाही, तू बोलतेस!" पिशवी रिकामीच झटकून त्या निघाल्या. मागोमाग चारही बायका.

पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेली, पंधरा वर्षं या फळीवर बसलेली जैतुनबी त्या दिवशी पहिल्यांदा भरल्या टोपलीसकट घरी गेली. माशांचं तिला काही नव्हतं, ते शेजारपाजारी वाटले असते. पण रविवारी लोक येतील का? एकदा शिळीवाली म्हणून नाव पडलं की फळी बदलून भागत नाही, बाजारच बदलावा लागतो.

संशय सांडूवर. तो आला तशी तिनं मासा त्याच्या नाकापुढं धरला.

"कापलास का रे?"

"मावशे, एवढ्या माशांची वल्ही छाटायला मला काय बायको नाय, पोरं नाय? जाळ्यातून निघाले तसे आणले."

जैतुनबीनं जागा अंगठ्यानं चाचपली. मग दुसऱ्या माशाचा डावा पर विळ्यानं कापून शेजारी धरला. ताज्या कापात काट्यांची पांढरी टोकं बोचत होती. गायब पराच्या जागी मात्र गुळगुळीत कातडी, जुनी भरलेली जखम.

"सांडू, मेलेल्या माशाची जखम भरते का?"

"कशी भरंल?"

"मग हा जिता असताना कापलाय. चिमुकला असताना. कोणी कापला ते शोधायचं. चल पैठणला."

धरणाजवळच्या मत्स्यकेंद्रात चष्मेवाले साहेब होते, आप्पासाहेब. टोपलीतले मासे पाहताच ते खुर्चीवरून उठलेच. "अरे वा! आमचेच हे! बोटाएवढे असताना उजवा श्रोणिपक्ष काढून सोडले होते. कुठं नि किती वाढले ते समजायला."

"पक्ष?" जैतुनबी म्हणाली. "मग मासा निवडणुकीला उभा राहतो का, साहेब? पोटाखालचा पर म्हणा की!"

साहेब हसले, पण त्यांची अडचण खरी होती. दोन वर्षांत एकाही खुणेच्या माशाची खबर आली नव्हती.

"कशी येणार? बाजारात समदे आधी पर छाटतात, मग तोलतात. मी छाटत नाय म्हणून मला शिव्या बसल्या. तुम्ही पाण्यात खूण केली, बाजारात कोणाला सांगितलं?"

साहेबांनी कागद पुढं ओढला. "काय लिहून देऊ?"

"लिहून नको. वाचणारं कोण? रविवारी बाजारात या."

रविवारी आप्पासाहेब आले, काचेच्या बरणीत पर काढलेली बोटभर पिल्लं आणि केंद्रात औषधात राखलेला बुधवारचा एक कटला घेऊन. वच्छलाबाई समोरच्या फळीवर खरेदी करत होत्या. जैतुनबीनं हाक मारली. त्या आल्या, सगळं ऐकलं, मग त्या कटल्याच्या जखमेवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. कोकणातल्या अंगठ्यालाही ते पटलं.

"चुकलंच माझं," त्या हळूच म्हणाल्या.

"बुधवारी एवढ्या हळू नव्हता बोलला, वच्छलाताई."

आजूबाजूला खसखस पिकली. वच्छलाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचला, आणि सांडूची रिकामी टोपली पालथी घालून चक्क तिच्यावर चढल्या.

"ऐका हो! जैतुनबीचा मासा ताजा होता! मी, वच्छला, उगाच बोलले! कोकणातली असून मला कळलं नाही!"

भाजीवालीनं टाळ्या वाजवल्या. बायका फळीभोवती अशा जमल्या की टोपलीवरून उतरायला वच्छलाबाईंना जागा उरली नाही.

"अगं, माझ्यासाठी दोन ठेव तरी!" त्या वरूनच ओरडल्या.

"रांगेत या, ताई," जैतुनबी म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकापुढं मासा उलटा धरला.