शेणाच्या गॅसवरची भाकरी

तारापूरजवळच्या त्या वाडीत कमळीवैनीच्या तांदळाच्या भाकरीला जोड नव्हती. लग्न कुणाच्याही घरचं असो, चुलीपुढं तीच. पंचवीस वर्षं तिनं ओल्यासुक्या लाकडांचा धूर गिळला आणि १९६६च्या पावसाळ्यात त्या धुरानं तिला गाठलं. खोकल्याची उबळ आली की परात धरून बसावं लागे. बोईसरच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, धूर सुटला नाही तर अंथरूण धरावं लागेल.

तिचा नवरा आत्माराम मुळात अबोल. शेणापासून गॅस काढतात ते त्यानं पालघरच्या एका प्रदर्शनात पाहिलं होतं. त्यानं गोठ्यामागं खड्डा बांधून घेतला, वर लोखंडी टाकी उपडी बसवली आणि नळी थेट स्वयंपाकघरातल्या नव्या शेगडीला जोडली. गोठ्यात पाच म्हशी. शेणाला तोटा नव्हता.

गॅस धरल्यावर पहिल्याच दिवशी समुद्राचा वारा ज्योत विझवू लागला, म्हणून वैनीनं खिडकी घट्ट लावून घेतली. नासक्या अंड्यांसारखा वास खोलीत कोंडला आणि तासाभरात तिचं डोकं गरगरायला लागलं. त्यापेक्षा धुरानं मरेन, असं म्हणत ती पुन्हा चुलीशी जाऊन बसली. शेजारची शालू हसून हसून दमली. आत्मारामच्या घरी म्हशीच सैपाक करतात, असं तिनं विहिरीवर सगळ्या बायांना सांगितलं.

आत्मारामनं वाद घातला नाही. त्यानं खिडकी उघडली, शेगडीला वाऱ्याच्या बाजूनं पत्र्याचा आडोसा केला आणि दुसऱ्या दिवसापासून आपली भाकरी आपणच गॅसवर करू लागला. आधी उकड काढायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. पीठ थंड पाण्यात कालवायचा, त्यामुळं तव्यावर पडताच भाकरीचे तुकडे होत. ते तो मुकाट्यानं कालवणात बुडवून खाई. असे आठ दिवस गेले. कमळीनं नवऱ्याला भाकऱ्या थापायला बसवलं, अशी कुजबुज वाडीभर झाली. खोकल्यापेक्षा हे बोलणं वैनीला जास्त लागलं.

नवव्या दिवशी ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "व्हा बाजूला. पिठाची अब्रू घालवलीत."

"तू चुलीपाशी मेलीस तर असल्याच खायच्या हायत," तो म्हणाला. "सवय करतोय."

वैनीनं त्याला बाजूला सारलं. तिनं आधण ठेवलं, उकड काढली, भाकरी थापली. आडोशामागं ज्योत हलली नाही आणि उघड्या खिडकीमुळं डोकंही दुखलं नाही. भाकरी टम्म फुगली.

तीनेक महिन्यांनी एका सकाळी शालू लगबगीनं आली. "वैनी, हायस ना घरात? खोकला आयकू आला नाय. म्हटलं, माहेरी गेलीस का काय."

वैनीनं भाकरी उलटली आणि बस म्हणाली. शालू बसली नाही. ती शेगडीकडं बघत राहिली. मग तिला स्वतःलाच ठसका लागला. तो ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, "आमचे दोनच बैल हायत. पुरंल का शेन?"

"कमी पडलं तर आमच्या म्हशींचं ने," वैनी म्हणाली. "आधी खिडकी कुठंय तुझी ते बघू."