काशिनाथचं नाक आणि राबाचा धूर

ईशान, मुक्ता,

ॲलर्जीच्या गोळीने ईशानला वर्गात डुलकी लागते, असं तुमची आई काल फोनवर म्हणाली. तेव्हापासून काशिनाथ डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

काशिनाथ पोशेरा गावचा. जव्हारला आमच्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचा. मी तिथे भूलतज्ज्ञ होते. त्याचं नाक सतत गळायचं, शिंका थांबायच्या नाहीत. नाकात मारायचे फवारे झाले, उपयोग नाही. गोळी घेतली की झोप. मागे अडलेली बाळंतीण, पुढे घाट, आणि स्टिअरिंगवर हा.

दवाखान्याचे मोठे साहेब मला म्हणाले, "मॅडम, महिन्यात सुधारला नाही तर ड्रायव्हिंग बंद. खिडकीवर केसपेपर फाडायला बसवतो."

मी म्हटलं, ब्लॉक देऊन, म्हणजे नस बधिर करून बघू.

नाकामागे खोलवर मज्जातंतूंची एक गाठ असते. पाणी सोडायचा हुकूम तिथून सुटतो. भुलीच्या औषधात भिजवलेली कापसाची लांब काडी नाकातून तिथवर सरकवायची, वीस मिनिटं ठेवायची. सुई नाही. हमखास उपायही नाही; काहींना काही आठवडे आराम पडतो, काहींना जास्त, काहींना अजिबात नाही.

"नाक झोपवा, ड्रायव्हर नको," साहेब म्हणाले.

तीन सिटिंगमध्ये नाक मोकळं झालं. मी बजावलं, "महिनाभर धूळ नको, धूर नको."

"हो बाई."

आठवड्याने हजर. डोळे लाल, नाक वाहतंय, केसांत राख.

"काय केलंस?"

"राब भाजला, बाई."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. पेरणीआधी तिथे शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतात. धूरच धूर.

"धुरात जाऊ नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं ना. पण नाक बंद होतं तवा भाऊ एकटाच भाजायचा. यंदा नाक मोकळं झालं, मग घरी कसा बसू?"

मी कपाळाला हात लावला. माझी तीन सिटिंगं राबात जळाली होती!

भावाला बोलावलं. तो हसायलाच लागला. "बाई, माला तं वाटं, काशा कामाला नको म्हणून शिंकतो."

"खोटं नाही शिंकत तो. राब तू भाज. लावणीला याला चिखलात उभा कर, तिथे धूळ नाही."

"मग चालंल. पण पूर्ण लावणी, बाई. अर्धी नाय."

साहेबांकडून आणखी पंधरा दिवस मागून घेतले. त्यांनी कपाळाला आठ्या घालून दिले. पुन्हा काड्या, पुन्हा वीस-वीस मिनिटं. या वेळी आराम टिकला.

'हे करू नकोस' असं पेशंटला सांगताना, मग ते काम कोण करणार, हेही विचारावं. मला ते निवृत्तीच्या तोंडावर सुचलं.

राब अजून भाजतात, भाऊच भाजतो. काशिनाथ लावणीला रजा काढतो आणि ॲम्ब्युलन्स अजून तोच चालवतो.