उजव्या पंखासाठी रायपूर

आधी दोनदा खोकल्यासारखं फट् फट्, मग एक लांब गुणगुण, आणि मग सुरात लागलेलं इंजिन. कॉलेजच्या मैदानावर ऐकलेला तो आवाज मला आजही भुजंगप्रयातात ऐकू येतो. शाळेत ज्यांनी कविता चालीवर पाठ केल्या त्यांना हे पटेल. बाकीच्यांनी म्हाताऱ्याची लहर म्हणून सोडून द्यावं.

तर माझी टिटवी. रिमोटवर उडणारं जुनं विमान, बाल्साच्या हलक्या लाकडाचं. गेल्या हिवाळ्यात बाईसाहेब बाभळीवर जाऊन बसल्या आणि उजवा पंख मोडून घेतला. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. घरी नवा पंख कोरून पाहिला, तर टिटवी हवेत जाताच एका कुशीवर निजायला लागली. बरं, थांबायला मला सवड नाही. डोळ्यांचा पडदा विरत चाललाय. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. उंच गेलेलं विमान दिसतंय तोवर एकदा टिटवी उडवायची होती, बस्स.

नागपूरची दुकानं पालथी घालून झाली, तेव्हा एक मित्र म्हणाला, "रायपूर पाहून ये. राजधानी झाली ना आता, काय वाट्टेल ते मिळून राहिलं तिथं." निघालो.

जाणाऱ्यांनी सकाळची गाडी धरावी. गोंदिया सुटलं की रान दाट होतं, डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ खिडकीतूनच दिसतं. जेवणाचा डबा घरून न्या. स्टेशनबाहेर ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. मी बसल्यावर ठरवलं, त्यामुळे शंकर नगर येईस्तोवर चाळीसाचे साठ झाले.

शंकर नगरात नवी राजधानी पावलोपावली भेटते. कुठल्या बंगल्यावर कुठल्या खात्याची पाटी लागेल सांगता येत नाही. एका पाटीचा ओला रंग तर माझ्या बाहीलाही लागला. खेळण्यांच्या चकचकीत दुकानात हेलिकॉप्टरं रांगेनं टांगलेली. मी टिटवीचा फोटो दाखवला. मालकानं तो श्रद्धेनं हातात घेतला.

"अंकल, ये तो म्यूज़ियम में मिलेगा." मग डोकं खाजवत म्हणाला, "ब्राह्मणपारा में एक मास्टरनीजी हैं, मराठी. ऐसा ही कुछ उड़ाती थीं."

ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत ऑटो शिरत नाही, उतरून चालावं. देवळाच्या घंटा आणि स्कूटरचे हॉर्न एकमेकांना वाट देत नाहीत. मास्टरनीबाईंचं घर कुणीही दाखवतं. दार सुनेनं उघडलं. फोटो पाहून आत वळून ती म्हणाली, "मम्मीजी, आपका कोई जहाज़वाला आया है."

सुमतीताई बाहेर आल्या. विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. फोटो पाहिला आणि स्टूल ओढून कपाटावरची चादर काढली. माझ्या टिटवीची सख्खी बहीण! उजवा पंख अखंड. डाव्याच्या जागी नुसता खुंट.

"बसा भाऊ. पोहे घ्या," त्यांचा चेहरा फुललेला. "डावा आणला ना?"

"नाही ताई. मी उजवा न्यायला आलोय."

पोह्यांची बशी हवेतच थांबली.

इथं आम्हा विमानं उडवणाऱ्यांच्या जमातीचा एक रिवाज सांगायला हवा. मोडलेल्या विमानाचा धड भाग मागता येतो, पण मालकानं 'विमान गेलं' असं स्वतःच्या तोंडानं म्हटल्यावरच. तोवर ते आजारी समजायचं आणि आजाऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही.

"तुमचं गेलं काय?" ताईंनी हळूच विचारलं.

"छे, छे. नुसतं पडून आहे. तुमचं?"

"काहून जाईल? आराम करून राहिलं."

सून चहा ठेवत म्हणाली, "मम्मीजी, दे दीजिए ना. अलमारी के ऊपर जगह हो जाएगी."

"तू गप. जागा झाली की तुझ्या बॅगा चढतील तिथं."

दोन्ही मिळून एक विमान होईल हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण ते नागपुरात राहणार की रायपुरात, हा प्रश्न काढण्याचं धैर्य कुणात होतं?

संध्याकाळी ताईंनी बूढ़ा तालाब दाखवायला नेलं. पाण्यावरून वारा येत होता. उडवायच्या गोष्टी निघाल्या. त्यांचं इंजिन म्हणे ओवीत चालायचं, सावकाश. वर एक घार फिरत होती, दोघंही सवयीनं बघत राहिलो.

"गेली," मी म्हणालो.

"तिथंच आहे हो भाऊ. देवळाच्या वर," त्या म्हणाल्या. मी पुन्हा शोधली, नुसतं आभाळ होतं. परतताना गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्याआधी त्या 'जपून भाऊ' म्हणत राहिल्या.

ताईंच्या वहीत माझा पत्ता लिहून दिला आणि रात्री स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, उशी दगडासारखी. सकाळी गाडीआधी गरम फरे खा. तांदळाच्या पिठाचे हे वळलेले तुकडे टोमॅटोच्या चटणीशी असे काही लागतात की रिकाम्या हातानं परतणाराही दुसरी प्लेट मागतो.

घरी येऊन आठवडा झाला. काय राहिलं? फऱ्यांची चव, बाहीवरचा सरकारी रंग, आणि एक घार, जी मला दिसली नाही तरी होती. टिटवी भिंतीला टेकून उभी आहे. 'माझं विमान गेलं' असं ताईंना लिहायला दोनदा बसलो, म्हणजे डावा पंख घेऊन निदान त्यांचं तरी उडेल. दोन्ही वेळा कागद चुरगळून...

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात सुमतीताईंची सून. घामाघूम, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून.

"अंकल, मम्मीजी नीचे ऑटो में बैठी हैं. पहले मुझे पूछने भेजा है."

"काय विचारायला?"

"कहती हैं, हमारा जहाज़ गया नहीं है, सिर्फ़ आपके यहाँ मिलने आया है. ये मानेंगे तो उतरेंगी, नहीं तो शाम की गाड़ी से वापस. मान लीजिए अंकल, रायपुर से मेरी ही गोद में है ये."

खालून आवाज आला, "काय म्हणून राहिले ते?"

मी कठड्यावरून वाकलो. "ताई, पाहुणा तर दारात पोचला, तुम्ही उन्हात काहून बसल्या? वर या."