पावसाळ्यात केलेला सर्व्हे

जेसीबीचं इंजिन चालू होतं आणि मालतीबाई वलांडीला पाठ लावून उभी होती.

वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूंची चौकट. उभे बांबू वाळूत रोवतात, त्यांना आडवे बांधतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती आडव्या बांबूवर टाकतात. दातिवऱ्याच्या बाजूच्या त्या मच्छीमार वस्तीत अशा वलांडींच्या रांगा उभ्या होत्या. माझ्या नकाशात तिथे फक्त ‘रिकामी जागा’ एवढंच लिहिलेलं होतं. ते मीच लिहिलं होतं.

“सायब, ती मशीन बंद करा,” मालतीबाई म्हणाली. “बोंबलाला धूर लागतो.”

“साब, क्या करूँ?” बोईसरहून आलेल्या ड्रायव्हरने विचारलं.

“बंद कर,” मी म्हणालो.

मी तेव्हा एका सरकारी प्रकल्पात डेप्युटी इंजिनिअर होतो. किनाऱ्यावरच्या गावांत वादळ निवारे बांधायचे होते. पैसा एका आंतरराष्ट्रीय विकास बँकेच्या कर्जातून येत होता.

हे जरा समजावून सांगतो. अनेक देशांनी मिळून काही वित्तसंस्था उभ्या केल्या आहेत. त्यांतल्या एका प्रकारच्या संस्था चलन सांभाळायला मदत करतात. एखाद्या देशाकडे तेल, औषधं बाहेरून आणायला डॉलर उरले नाहीत, त्याचं चलन कोसळायला लागलं, की त्या तात्पुरता आधार देतात आणि घर नीट चालवा म्हणून अटी घालतात. दुसऱ्या प्रकारच्या म्हणजे विकास बँका. त्या पाणी, रस्ते, वीज, बंधारे यांसाठी लांब मुदतीचं कर्ज देतात. आमचं कर्ज या दुसऱ्या प्रकारातलं.

हेच मी मालतीबाईला आधी एकदा सांगितलं होतं. सर्व्हेच्या वेळी, भर पावसाळ्यात. मासेमारी बंद होती, होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या. मोजमाप करता करता सर आली म्हणून मी तिच्या पडवीत शिरलो. ती वस्तीतल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष होती. तिने चहा दिला आणि सरळ विचारलं, “परदेशातल्या बँकंला आमची काय पडलीय?”

“वादळात होड्या फुटल्या, घरं गेली, की भरपाई सरकार देतं,” मी म्हणालो. “दर वेळी तिजोरी अशीच रिती झाली तर देश पुढे कसा जाणार? निवारा आधीच असला तर माणसं वाचतात, नुकसान आवरतं. देश सावरलेला राहिला की कर्जही फिटतं.”

“म्हंजे आमच्या गटावानीच. एकीचं घर बुडालं का सगल्यांचा हप्ता बुडतो.”

“अगदी तसंच.”

“मंग तुमची बँक बघाया येते का? आमी जातो. शेळीसाठी पैसं घेतलं ना, तं शेळी दाखव.”

मला हसू आलं. “येते. त्याला मिशन म्हणतात.”

“मिशन,” ती म्हणाली. “येऊं दे. त्यांना पन चाय देऊ.”

मी बसलो होतो तो बांबूंचा ढीग होता. पडवीत नीट रचलेला, वर प्लास्टिक अंथरलेलं. हे कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, “वलांडीचं हाय. पावसाला सरला का परत उभं करायचं, त्या वालूवर.”

मी मान हलवली, चहा संपवला, छत्री उघडून बाहेर पडलो. नकाशावर वाळूची जागा रिकामी दाखवली. त्या दिवशी मनात लबाडी नव्हती, हे खरं आहे. जे जमिनीवर उभं दिसतं तेच सर्व्हेत घ्यायचं, अशी आमची पद्धत. पावसाळ्यात तिथे काही उभं नव्हतं. माझं घर वाणगावचं, मिरचीच्या वाडीतलं. आषाढ-श्रावणात आमच्याकडे सुक्या बोंबलाचा रस्सा ठरलेला असायचा. पण ते बोंबील कुठे वाळतात, याचा विचार मी कधी केला नव्हता.

लबाडी पुढे झाली.

जेसीबी परत पाठवून मी पालघरच्या ऑफिसात गेलो. मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं.

“साइट बदलायची?” ते म्हणाले. “राऊत, पुन्हा सर्व्हे, पुन्हा डिझाइन, पुन्हा मंजुरी. लोनची क्लोजिंग डेट माहीत आहे ना? त्यानंतर बँक एका विटेचेही पैसे देणार नाही.”

“पण सर, बायकांचं पोट त्यावर आहे. आणि बँकेचा नियम—”

“नियम मलाही पाठ आहे. कट-ऑफ डेट काय आहे ते सांगा.”

बँकेचा नियम चांगला होता. जमीन सरकारी असो, माणसाकडे सातबारा नसो, तरी प्रकल्पामुळे त्याच्या पोटावर पाय येणार असेल तर आधी त्याला दुसरी जागा द्या, मग काम करा. पण भरपाई मिळणार हे कळलं की काही लोक रातोरात झोपडी उभारतात. म्हणून एक तारीख ठरवतात. सर्व्हेच्या त्या तारखेला जो जागेवर होता तो हक्कदार. नंतर आला तो अतिक्रमण. तीच कट-ऑफ डेट.

“सर्व्हेच्या दिवशी जागा रिकामी होती,” मोठे साहेब म्हणाले. “मिशन आलं की एवढंच सांगा. आणि मिशनला बाजाराच्या दिवशी न्या. बायका गावात नसतात.”

माझ्या प्रमोशनची फाइल त्यांच्याकडे होती. त्यांनी तिचा उल्लेखही केला नाही. मला आठवण करून द्यावी लागत नव्हती.

मिशनवर बँकेच्या दिल्ली ऑफिसातल्या एक मॅडम आल्या. मी त्यांना बाजाराच्या दिवशीच वस्तीत नेलं. प्रकल्पामुळे कुणाचं नुकसान होत नाही ना, हे बघणं हेच त्यांचं काम. वाळूत चप्पल रुतत होती, म्हणून ती हातात घेऊन त्या वलांडींमधून फिरल्या. एका बांबूवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, “राऊत जी, सर्वे के वक़्त ये यहाँ थे?”

“नहीं मॅडम. जगह ख़ाली थी।”

“पक्का?”

“पक्का।”

सर्व्हेच्या दिवशीचा फोटो मी दाखवला. ओली, सपाट वाळू. फोटोही खराच होता. मॅडम गाडीकडे निघाल्या. त्यांना पडवीतला ढीग माहीत नव्हता. मला माहीत होता.

त्या वलांडी अतिक्रमणात गेल्या. बायकांना दुसरी जागा मिळाली नाही. पोलीस बंदोबस्तात बांबू उपटले आणि निवारा बांधला. बोंबील मग रस्त्याकडेला दोऱ्यांवर वाळू लागले. त्यांच्यावर धूळ बसायची, व्यापारी भाव पाडायचे.

पण याहून वाईट गोष्ट वेगळीच झाली. ‘सर्व्हेनंतर बांबू लावले’ हे आमच्या ऑफिसातून गावात पोचलं. बायकांत मालतीबाई पुढे होती, म्हणून तिच्याच नावावर ते चिकटलं. भरपाईच्या लोभाने हिने घाईघाईने जास्तीचे बांबू रोवले, साहेबाला राग आला, म्हणून सगळ्यांचीच जागा गेली, असं लोक बोलू लागले. गटातल्या बायकांनीच तिला अध्यक्षपदावरून उतरवलं. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झालो होतो.

मग एक वादळ आलं. ड्युटी म्हणून मी त्याच निवाऱ्यात होतो. सगळी वस्ती आत होती. बाहेर पत्रे उडत होते, आत पोरं झोपली होती. मालतीबाई पाण्याचा हंडा घेऊन माझ्याजवळ आली, मला पेला भरून दिला आणि वर छताकडे बघत म्हणाली, “बांधकाम बाकी मजबूत केलंय, सायब.”

तिने टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं. ती मनापासून बोलत होती.

मी रिटायर झालो. बोईसरला फ्लॅट घेतला. मोठे साहेब वारले. त्यांच्यावर काही ढकलायचं नाही. ‘पक्का’ हा शब्द माझ्या तोंडचा होता.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या ऑफिसातून फोन आला. तिथल्या इंजिनिअर बाई बोलत होत्या.

“सर, नव्या टप्प्यात मासे वाळवायला पक्के ओटे आणि वलांडी मंजूर आहेत. पण तुमच्या त्या गावच्या बायका जुन्या रेकॉर्डला अतिक्रमण म्हणून आहेत. त्यांना घेता येत नाही. तुम्हाला काही आठवतंय का?”

“आठवतंय,” मी म्हणालो. “रेकॉर्ड चूक आहे.”

“मग सर, तसं लिहून द्यावं लागेल. आणि ग्रामसभेत सांगावं लागेल.”

लिहून देणं सोपं होतं. ग्रामसभा त्या निवाऱ्यातच भरली. सरपंचांनी मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. सांगितलं, की वलांडी आधीपासूनच्या होत्या, पावसाळ्यात उतरवून ठेवल्या होत्या, हे मला माहीत होतं, आणि मी बँकेला खोटं सांगितलं. मालतीबाईने एकही जास्तीचा बांबू रोवला नव्हता.

मागून एक म्हातारा ओरडला, “इतकी वर्सं झोपला व्हता का, सायब?”

“झोप लागली असती तर बरं झालं असतं,” मी म्हणालो.

मालतीबाई पुढेच बसली होती. केस पार पांढरे झालेले. तिने विचारलं, “माझ्या पडवीत त्या बांबूवर बसून चाय पिली, ती तुमाला तवा आठवत व्हती?”

“आठवत होती.”

“मला वाटलं, सायब इसरला. दहा गावं फिरतो, किती पडव्या ध्यानात ठेवल. म्हनून मी तुमाला कवाच माफ केलं व्हतं. आता ती माफी परत घ्यायला लागल.”

कुणीतरी हसलं. ती हसली नाही.

बँकेने माझं लेखी म्हणणं मान्य केलं. जुनी नोंद दुरुस्त झाली आणि बायका नव्या यादीत आल्या. निवाऱ्याच्या समुद्राकडच्या बाजूला, भरपूर वाऱ्याची जागा मिळाली. गटाने मालतीबाईला पुन्हा अध्यक्ष व्हा म्हटलं. तिने नकार दिला. जिने तिच्याविरुद्ध सगळ्यात आधी हात वर केला होता तिचंच नाव सुचवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसायला लागली. माझ्यावर कारवाई झाली नाही. रिटायर होऊन फार काळ लोटला होता म्हणे.

आता कुणी तरुण इंजिनिअर भेटला की मी त्याला एवढंच सांगतो. बाहेरून पैसा येतो, नियमही चांगले येतात. पण दोन्ही शेवटी आपल्यासारख्याच्या नकाशावर उतरतात. किनाऱ्याचा सर्व्हे पावसाळ्यात करू नये. करावाच लागला, तर आपण कशावर बसून चहा पितोय ते आधी नकाशावर घ्यावं.