बॅटरीतला माझा वाटा

माझ्या धाकट्या भावाने गंगापूर धरणाच्या पाण्यात पर्यटकांसाठी राहायची बोट सोडली आणि पहिल्या मुक्कामाला सगळं घर बोलावलं. मला मात्र वेगळा निरोप होता. संध्याकाळी ये, जेव, आणि घरी जा.

कारण माझं मशीन. झोपेत माझा श्वास अडतो, म्हणून मी हवेचा मास्क लावून झोपते.

"ताई, तुझं मशीन लय लाईट खातं. बॅटरी पुरायची नाय," भाऊ म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. सिन्नरच्या कारखान्यात आयुष्यभर मोटारी तपासल्या मी, आणि हा मला लाईट शिकवतोय!

त्याचा हिशेब तरी काय? वस्तूंच्या मागचे वॅटचे आकडे वाचले. मशीनवर नव्वद, छोट्या फ्रिजवर साठ, म्हणजे गुन्हेगार ताई. कोण किती तास चालतं, हे बघायचं राहूनच गेलं. त्यालाही काय बोलणार म्हणा. शेतावर लाईट येईल तेव्हा येते, म्हणून आमच्याकडे बल्बचं बटण कायम चालू. बल्ब पेटला की पंपाकडे पळायचं. बोटीवर मागून काही येत नसतं. दिवसा सोलरने बॅटरीत भरलं तेवढंच रात्री वापरायचं.

मी प्लगला लावायचा मीटर आणला आणि घरीच एक रात्र मशीन त्यावर चालवलं. हवा ओलसर करणारा हीटर तेवढा बंद ठेवला. धरणावर ओलाव्याला काय तोटा? सकाळी आकडा बघून एकटीच हसले. मुक्कामाच्या दिवशी मीटर घेऊन बोटीवर गेले आणि चहाची विजेची किटली त्यावर लावली.

"बघ," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या अख्ख्या रात्रीपेक्षा तुमची एक किटली जास्त खाते. आणि तो फ्रिज तर दिवसरात्र चरतोय."

भावाने वाकून मीटरवरचा आकडा वाचला. मग हळू आवाजात म्हणाला, "बरोबर हाय गं. पन मधीच बंद पडलं, तुला काय झालं, तर मी काय करू?"

म्हणजे खरी भीती ही होती. मला भरून आलं, आणि तितकाच रागही आला. काळजी माझी, आणि घरी पाठवायचं तेही मलाच!

"मशीन नव्हतं तेव्हाही जगलेच ना मी? बंद पडलं तर जाग येईल, उठून बसेन. तू घाबरतोस म्हणून मी का घरी झोपू?"

मी बॅग आतल्या पलंगावर नेऊन ठेवली.

"बॅटरीची एवढी चिंता असेल तर फ्रिज उतरव," मी म्हणाले. "मी उतरणार नाही."