बोंडाला बांधलेला लाल धागा

शिवणाच्या डब्यात लाल धागा दिसला, की नांदुऱ्याजवळचं आमचं कपाशीचं शेत आठवतं. संशोधनासाठी मी तिथे दोन वाणांचा संकर करत होते. हाताने पराग लावलेल्या प्रत्येक फुलाला खूण म्हणून लाल धागा बांधायचे. फुलं गळत राहिली, आणि हे आपलं काम नाही असं रोज वाटायचं.

एका सकाळी दवाने ओल्या ओळीत बाबा वाकलेले दिसले.

“बाबा, हे काय करून राह्यले तुमी?”

“गळालेल्याचे धागे चांगल्या बोंडांले बांधून राह्यलो. तुले वाईट वाटते ना, पोरी.”

खरे धागे कोणते, हे त्यांनाही सांगता येईना. मी ती अख्खी ओळ प्रयोगातून वगळली.

आता बाबा नाहीत. उरलेल्या ओळींतून पुढे तयार झालेला माझा वाण शेतोशेती आहे. पण कोणी कौतुक केलं, की शंका येते. हे कौतुकही कुणीतरी मायेने बांधलेला तसाच धागा नसेल ना?